यादीतलं आठवं पान

विलेपार्ले (पूर्व)
मंगळवार, २७ नोव्हेंबर १९८४

प्रिय अनु,

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, मग बाकीचं. ती यादी कुठल्याही वाईट माणसाच्या हातात पडलेली नाही. तिच्यामुळे कुणाच्या दारावर कुणी येणार नाही. एवढं वाचून घोटभर पाणी पी आणि मग पुढचं वाच. मला हे कसं माहीत, तेही याच पत्रात सांगणार आहे, पण मला माझ्या पद्धतीने सांगू दे. एका दमात सांगता आलं असतं तर काल लायब्ररीच्या जिन्याखाली तू माझा हात धरून रडत होतीस तेव्हाच सांगितलं असतं. तुमच्या एकशे बारा घरांची नावं माझ्या पेटीतून गेली गं मिल्का, आमच्या दशरथदादानेच नेली, दुसरं कोण नेणार, असं तू म्हणत होतीस, आणि मी नुसती तुझ्या पाठीवरून हात फिरवत उभी होते. हायिमसरांनी पाच महिने दर रविवारी मला चार लोकांत उभं राहून बोलायला शिकवलं, पंचवीस मुलामुलींत माझा पहिला नंबर काढला, आणि काल माझी दातखीळ बसली.

हे सगळं माझ्या बुडालेल्या पेपरापासून सुरू झालं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गेल्या वर्षी किप्पुरच्या दिवशीच सहामाहीचा अर्थशास्त्राचा पेपर आला. आमच्या जुन्या बायका त्या दिवसाला अजून दारफाळणीचा सण म्हणतात. आदल्या संध्याकाळपासून दार लावून घ्यायचं, पाणीसुद्धा प्यायचं नाही, पांढरे कपडे घालून देवासमोर आपल्या चुका आठवत बसायचं. मी बसले, आणि कॉलेजने शून्य दिलं. ऑफिसातला तो क्लार्क कॅलेंडर उलटसुलट करून म्हणाला, असला सण यात नाही, आणि तळकर म्हणजे तुम्ही कुडाळकडचे ना, मग हे ज्यू-बिऊ मध्येच कुठून काढलंत? मी घाबरून बाहेर आले. तू आत गेलीस आणि अर्धा तास भांडलीस. उपयोग काही झाला नाही, पण तेव्हापासून तो क्लार्क तुला बघितलं की फाइल उघडून बसतो.

म्हणून जूनमध्ये आमच्या प्रार्थनालयात ती नोटीस लागली तेव्हा मी पहिलं नाव दिलं. समाजातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना पुढारपण कसं करायचं, अर्ज कसा लिहायचा, आपलं म्हणणं साहेबाच्या टेबलावर कसं मांडायचं, हे शिकवणार होते. घाटकोपरच्या त्या शाळेचा हॉल, पहिली-दुसरीच्या पोरांचे बाक, गुडघे पोटात घेऊन बसलेले आम्ही पंचवीस जण, आणि समोर काडीसारखे हायिमसर झिराडकर, रेल्वेच्या युनियनमध्ये वीस वर्षं काढलेले. आवाज असा की शेजारच्या वर्गातली शिवणक्लासची बाई दार लावून घ्यायची. पहिल्या दिवशी फळ्यावर त्यांनी लिहिलं, साहेबासमोर रडायचं नाही, आकडा ठेवायचा. पुढच्या वर्षी किप्पुरला पेपर नको असेल तर किती मुलांचा बुडतो ते आधी सांगा, म्हणाले.

दुसऱ्या रविवारी तू माझ्या सोबतीला म्हणून आलीस आणि सरांना विद्यापीठातला साहेब व्हायला कुणीतरी हवं होतं. काय साहेब झाली होतीस यार. साहेब जेवायला गेलेत, उद्या या. अर्ज दोन प्रतींत आणा. ही सही कुणाची, हिचा सराव केलाय का घरी? आमची एकेक पोरं तुझ्यासमोर उभी राहिली आणि घामाघूम होऊन बसली. मी तर तुलाच सॉरी म्हणाले. सरांनी विचारलं, तू कुठे शिकलीस हे, आणि तू म्हणालीस, मिलच्या संपात बाबांच्या मांडीवर बसून सभा ऐकल्यात. खरं म्हणजे तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस, मांडीवर कसली बसणार, पण सगळे हसले आणि त्या दिवसापासून तू आमचीच झालीस. मी हे सगळं का आठवत बसले आहे, ते कळेल तुला.

यादी आधी फक्त कॉलेजच्या मुलांची होती. मग सर म्हणाले, दारोदार जाताच आहात तर सगळ्यांचं लिहा. आपली निम्मी माणसं इस्राएलला गेली, मागे म्हातारी उरली, त्यांच्या उपयोगाला तरुण पोरांनी नको यायला? म्हणून रकाने वाढले. नाव, पूर्ण पत्ता, मजला, माणसं किती, वय काय, कुणाला काय दुखणं. शेवटचा रकाना सरांनी स्वतः घातला, अडीअडचणीला कोणास कळवावे. पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपर ते मुलुंड, तू माझ्याबरोबर चपला झिजवल्यास. मुलुंडच्या सेगुलामावशी तेवढ्या ऐकेनात. चाळीस वर्षं नर्स असलेली बाई, शिकलेली, आणि दारातच आडव्या उभ्या राहिल्या. दावीद राजाने माणसं मोजली आणि देशात मरी आली, मोजायचंच असेल तर माझ्या तुळशीच्या कुंड्या मोज, म्हणाल्या. जिना उतरताना आपण दोघी तोंडावर ओढणी धरून किती हसलो. अख्ख्या यादीत नाव नाही ते फक्त त्यांचं.

ऑक्टोबरात तू टायपिंग क्लासच्या त्या मशीनवर सगळं टाईप केलंस, ज्याचा अनुस्वार अक्षराच्या वर कुठेतरी उडून बसतो. आठ पानं, वरची प्रत सरांना, खालची कार्बनची तुझ्याकडे, दिवाळीनंतर स्टेन्सिल काढायला. मग एकतीस तारीख आली. पंतप्रधान गेल्या, आणि दिल्लीत काय झालं ते हळूहळू कळायला लागलं. आमच्या शेजारच्या शांताबाईंचे जावई रेल्वेत आहेत, ते त्याच आठवड्यात तिकडून आले. गॅलरीत बसून सांगत होते, शिखांची घरं लोकांना पाठ नव्हती, त्यांच्या हातात कागद होते. कागद बघून विचारत होते, हे घर कुठलं. मी आत भाकरी थापत होते. माझा हात तिथेच थांबला. भाकरी जळाली, आईने ओरडून गॅस बंद केला, तरी मला त्या कागदांशिवाय काही दिसेना.

तू म्हणशील, तुम्हाला इथे कोण काय करणार. हेच सर सांगतात, हेच मी माझ्या बक्षीस मिळालेल्या भाषणात सांगितलं, की या कोकणकिनाऱ्याने आम्हाला कधी परकं केलं नाही. खरंच आहे ते. पण तीस तारखेला दिल्लीतली ती माणसंही असंच म्हणत असतील ना गं? मला एकेक ओळ आठवायला लागली. सदतिसावं घर, बोरिवली, म्हातारा-म्हातारी, मुलगा इस्राएलला, अश्दोदला, आजोबांना ऐकू येत नाही. अठ्ठावन्न, अंधेरी, तळमजला, बाई एकट्या, दाराची कडी नादुरुस्त. हे मी लिहिलं होतं, अनु. माझ्या हाताने. कुणीतरी जाऊन कडी बसवून द्यावी म्हणून लिहिलं होतं. आता तीच ओळ वाचून दुसरं कुणी काय करेल, एवढंच डोक्यात यायचं. जिन्यावर पावलं वाजली की मी उठून कडी बघून यायचे. शेमा म्हणून बघितला, अर्ध्यावर विसरायला लागले, लहानपणापासूनची प्रार्थना. एका दुपारी आई कामावर गेलेली असताना मी स्टूल घेतलं आणि दाराच्या चौकटीवरचा मेझुझा काढायला लागले, ती तिरकी नळी, जिच्यावरून घर आमच्या लोकांचं ते ओळखू येतं, जिला तू आत येताना माझं बघून हात लावतेस. एक स्क्रू निघाला आणि आई दारात. तिने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, स्क्रू परत पिळला आणि मला म्हणाली, चहा टाक.

त्याच आठवड्यात तू घरी आली होतीस. तुला आठवतं का, निघताना मी तुला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, ती प्रत दशरथदादाला दाखवू नकोस हं. तू म्हणालीस, त्याने एकदा विचारलं होतं कसली नावं ही, मी सांगितलं. मी म्हणाले, आता नको दाखवूस. तुझा चेहरा उतरला. मे महिन्यात भिवंडी-ठाण्याला दंगल पेटली तेव्हा दादा दोन दिवस घरी नव्हता, हे तूच मला काळजीने सांगितलं होतंस. मी ते तेव्हा विसरून गेले होते, नोव्हेंबरात बाहेर काढलं. तो कुठे होता ते मला अजून माहीत नाही, आणि विचारायचा मला काही हक्कही नाही. काल जिन्याखाली तू दादाचं नाव घेतलंस तेव्हा मला कळलं की तो संशय तुझा नव्हताच. तो मी तुझ्या हातात दिला होता.

आता लिहिते.  दशरथदादाने नेली नाही. मी नेली. दहा तारखेला, शनिवारी सकाळी, तू टायपिंगला गेलेली असणार हे धरूनच मी भांडुपला तुमच्याकडे आले. शनिवारी आम्ही कुठे प्रवास करत नाही, हे तुझ्या आईला, शेवंतीमावशींनासुद्धा ठाऊक, त्या म्हणाल्याच, आज कशी गं वाट चुकलीस? मी सांगितलं, अर्थशास्त्राची वही राहिली आहे अनुकडे, सोमवारी लागेल. सोमवारी कॉलेज बंदच होतं, सुट्टी चालू होती, पण त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, पेटीत असेल, तूच बघ, आणि माझ्यासाठी घावणे घालायला बसल्या. तव्याचा आवाज येत होता आणि मी तुझी पेटी उपसत होते. शाळेच्या युनिफॉर्मखाली, तुझ्या बक्षिसांच्या पाकिटाखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होतीस. कार्बनचे कागदसुद्धा जपून ठेवले होतेस. सगळं ब्लाउजच्या आत खोचलं. मग बाहेर येऊन शेवंतीमावशींच्या हातचे चार घावणे खाल्ले, नारळाच्या रसाबरोबर. त्यांनी पाचवा वाढला, तो पण खाल्ला. नाही म्हटलं तर त्यांना काही कळेल अशी भीती वाटत होती.

घरी येऊन बंबात घालून जाळून टाकायचं ठरवलं होतं. पण शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही, आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत नाही. गाडीत बसले, खोटं बोलले, चोरी केली, आणि काडी ओढायला मात्र माझा हात होईना. हसू नकोस. की हस. एवढं सगळं मोडलं, निदान हे तरी नको मोडायला, असं काहीतरी मनात होतं. म्हणून ती आठ पानं घेऊन मी दुपारभर मोरीच्या बाजूला बसून राहिले आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून वाचत बसले. जे काही झालं ते त्यामुळे झालं. सकाळी आल्या आल्या जाळली असती तर मला काहीच कळलं नसतं आणि मी अजून स्वतःला शहाणी समजले असते. सर म्हणायचे, यादी करणाऱ्याने आपलं घर शेवटी लिहायचं, म्हणून आमचं घर आठव्या पानाच्या तळाला आहे. ते वाचलं. मग चांदण्या दिसल्या, सात पानं आणि कार्बन बंबात गेले. आठवं पान जाळायला माझ्याच्याने झालं नाही.

आणि एक लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सरांची प्रत त्यांच्या कपाटात आहे. त्या कपाटाला साधी कडी आहे, कुलूप नाही, पंचवीस जणांना ते माहीत आहे. तरी त्या प्रतीची मला एक दिवस भीती वाटली नाही, कारण ती आपल्यांकडे आहे असं मला वाटत होतं. भीती वाटली ती तुझ्या पेटीतल्या प्रतीची. म्हणजे भीतीच्या पहिल्या धक्क्याला मी तुला आपल्यांतून उचलून बाहेर ठेवलं, तुला, जी माझ्यासाठी त्या क्लार्कशी भांडली. दहा तारखेनंतर मला दिल्ली आठवेनाशी झाली. नुसती तुझी भीती वाटायला लागली, की तू पेटी उघडशील आणि मला विचारशील. तू मला विचारलंच नाहीस. माझ्यावर तुला शंकासुद्धा आली नाही, तू सरळ स्वतःच्या भावाला विचारलंस.

आता हे पत्र का, ते सांगते. काल तू म्हणालीस की तुझ्या बाबांनी, काशीरामकाकांनी, चाळीत सगळ्यांसमोर दादाच्या थोबाडीत मारली, त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली तरी कुणी ऐकलं नाही, आणि आज चार दिवस तो लालबागला मामाकडे आहे, घरचं अन्न शिवत नाही. आणि रविवारी तू घाटकोपरला येऊन सगळ्यांसमोर उभी राहणार आहेस आणि माझ्याकडून यादी हरवली, मला क्षमा करा, असं म्हणणार आहेस. तसं करायचं नाही. हे पत्र गुरुवारपर्यंत मिळेल. मिळाल्याबरोबर काकांना वाचून दाखव, सगळं, घावण्यांसकट. मग दादाकडे जा, किंवा मला घेऊन जा, मी त्याच्यासमोर उभी राहते, त्याला जे बोलायचं ते बोलू दे. रविवारी हॉलमध्ये मी उभी राहीन आणि चोरी कुणी केली ते सांगेन. मला फार भीती वाटते आहे अनु, दिल्लीच्या बातमीने वाटली त्याहून जास्त, पण या वेळी ती योग्य ठिकाणी वाटते आहे. सोबत आठवं पान ठेवलं आहे. तळाची ओळ मी तुला लिहून दिली होती तेव्हा शेवटचा रकाना मी कोरा सोडला होता, आठवतं? माझे काका इस्राएलात दिमोनाला, मामा अश्दोदला, पप्पा नाहीत, लिहिणार तरी कोणाचं नाव. तू तो कोरा ठेवला नाहीस, आणि मला सांगितलंही नाहीस. अनुस्वार वर उडालेलाच आहे. आता तूच वाच, आणि दादालाही वाचून दाखव:

११२. श्रीमती लेया तळकर, विलेपार्ले पूर्व, दुसरा मजला. माणसं दोन. मुलगी मिल्का, घाबरट आहे. अडीअडचणीला कोणास कळवावे: अनुपमा काशीराम परब, भांडुप. केव्हाही. भाऊ दशरथ सायकलने पाऊण तासात पोचेल, तो स्वतः म्हणाला.

तू म्हणू दिलंस तर अजून तुझीच,
मिल्का